आधी बस, मग काप

बाबू, तुझ्या घडीच्या सायकलचा फोटो पाहिला. बिजागरीजवळ खडूनं मारलेली रेघही पाहिली. ती रेघ पुसून टाक. अमरावतीहून येशील तेव्हा सायकल एसटीच्या डिकीत टाकून अकोल्याला घेऊन ये. तोवर हे वाच आणि ग्राइंडरला हात लावू नकोस.

मला लोखंड शिकवणारे उस्ताद जुन्या शहरात सायकली आणि बंड्यांची कामं करत. ते म्हणायचे, "कापाले घाई करू नोको बाबू. कापलेलं जुळते, पण पयल्यासारखं नाही जुळत." पाठ टेकवून, पाय पुढं ताणून चालवायची सायकल करताना हे बोलणं दुपटीनं खरं ठरतं. अशा गाडीत आपण सायकलवर बसत नाही, सायकल आपल्या अंगाभोवती उभी करतो. अंगाचं माप चुकलं तर सगळं वेल्डिंग फुकट.

माप असं घे. भिंतीला पाठ आणि ढुंगण घट्ट टेकवून जमिनीवर बस, पाय सरळ पसर, पायात रोजचे बूट असू दे. भिंतीपासून बुटाच्या तळापर्यंत टेप लाव. पायडल सर्वांत लांब असेल तेव्हा पाठीच्या टेकूपासून त्याचं अंतर या मापाहून थोडंसं कमी हवं, गुडघ्यात जरासा बाक राहील एवढं. अंतर वाढलं तर दर फेऱ्याला कंबर सरकते, घटलं तर गुडघे बोलू लागतात. म्हणून क्रँक धरणारी पुढची नळी एकात एक सरकणारी कर. आतली नळी किमान किती आत राहिली पाहिजे, त्याची खूण कानशीनं खोल कोर.

आता न कापता गाडी उभी कर. विटा लाव, फळी टाक, पुढं बांबूला जुना क्रँक सुतळीनं आवळ आणि अर्धा तास बस. बसल्या बसल्या पेपर वाच. मान भरून आली तर टेकू उभा कर. पहिल्या गाडीला ४५ अंशांच्या आसपास ठेव, त्याहून झोपवू नकोस. मग हँडल डावीकडं-उजवीकडं वळव आणि कोणाला तरी क्रँक फिरवायला सांग. टाच पुढच्या टायरला कुठं लागते ते बघ. मी हे पाहिलं नव्हतं. पहिल्याच वळणावर टाच टायरवर आली, हँडल आपोआप सरळ झालं आणि मी पुलाच्या कठड्यावर गेलो. तीन आठवडे हातोडा उचलता आला नाही.

घडीची सायकल या कामाला चांगली, कारण तिची चाकं लहान असतात आणि पाय त्यांच्यावरून सहज जातात. टायरच्या कडेला बारीक आकडे वाच. ४०६ दिसलं तर चिंता नाही, बीएमएक्स धाटणीच्या पोरांच्या सायकलींचं तेच माप. ४५१ असेल तर तीही वीस इंचीच म्हणवते, पण एकीचं टायर दुसरीला बसत नाही.

फ्रेमला चुंबक लाव. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर ती ॲल्युमिनियमची आहे आणि तिला घरी वेल्डिंग करायचंच नाही. तिची ताकद कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, आपण तापवलं की त्याच जागी ती जाते. तसली असेल तर विकून टाक, पोलादी घेऊ.

बिजागरीवर सर्वांत जास्त डोकं लाव. ती वरून पडणारं ओझं पेलायला घडवलेली असते. आता तू पाठीनं मागं रेटणार आणि पायांनी पुढं, म्हणजे गाडीचे दोन्ही भाग एकमेकांपासून ओढणार. नुसत्या खटक्यावर भरवसा ठेवू नकोस. दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, चार बोल्ट, नायलॉक नट. घडी करायची तेव्हा पाना लागेल, लागू दे.

पुढची नळी हेड पाइपला जोडताना आधी कप आणि छर्रे काढ, नाहीतर उष्णतेनं सगळं वाकडं होतं आणि ग्रीस पेटतं. एकदा या बाजूनं टाका, एकदा त्या बाजूनं, आणि खाली त्रिकोणी पट्टीचा आधार. पाइप काळाच घे. पाण्याच्या नळाचा जस्ताचा पाइप स्वस्त मिळतो, पण जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी एकदा तो ताप काढलाय, मामीला विचार.

क्रँकचा शेल भंगारातल्या जुन्या जेन्ट्स सायकलचा कापून घे. चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात. शेल उलटा जोडलास तर ते आटे डावीकडं जातील आणि कप चालता चालता सैल होईल. कापण्याआधीच त्यावर "चेन" असं खडूनं लिही.

चेन दोन-अडीच लागतील, सुतळीनं वाट मोजून अर्ध्या इंचाला एक कडी धर. वरची चेन जिच्यावरून वळते त्या मधल्या गिरकीवर सगळी ओढ असते, म्हणून तिचा बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला हवा. एका बाजूनं लटकवलेली गिरकी वाकतेच.

सीट मात्र आपल्या पद्धतीची. फोम नको, अकोल्याच्या मे महिन्यात पाठ उकडून निघेल. पाइपची चौकट वाकवून त्यावर बाज विणतात तशी नायलॉनची पट्टी वीण. पाठीमागून वारा खेळतो आणि ढिली पडली तर ओढून पुन्हा आवळता येते. सुती नवार घामानं सैल होते.

हा प्रकार नवा नाही. ७ जुलै १९३३ ला पॅरिसात फ्रान्सिस फोर यानं शार्ल मोशेनं बनवलेल्या अशाच रेललेल्या सायकलवर तासात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. फोर काही पहिल्या फळीतला शर्यतपटू नव्हता. पुढच्याच वर्षी सायकलच्या जागतिक संघटनेनं या गाड्या शर्यतीतून बाहेर काढल्या. मला तो अन्याय वाटतो. ती बंदी आली नसती तर तुला भंगारात शेल शोधावा लागला नसता.

पहिले आठ दिवस सपाट, रिकाम्या रस्त्यावर चालव, मागून कोणी धरलेलं असू दे. पायडलला पट्टा बांध. पाय निसटून खाली गेला तर गाडी त्याच्यावरून पुढं जाते. या गाडीवर उभं राहून जोर मारता येत नाही, तेव्हा चढाला हलका गिअर लागतो; चिखलदऱ्याचा घाट यंदा विसर. पावसाळ्यात मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जागा ठेव, आपली काळी माती अडकली की चाक जागच्या जागी थांबतं.

आपल्या हायवेवरचा लोणी ते माना हा रस्ता जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरच्या एका लेनवर डांबर टाकून गिनीज बुकात गेला. असा सलग रस्ता लहान चाकांना मानवतो, तुझं मन तिकडंच धावणार. पण ट्रकवाल्याला तू दिसणार नाहीस. उंच काठीवर भगवा-पिवळा कपडा आणि मागं दिवा लावल्याशिवाय हायवेला चाक लावायचं नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलंय.

मामीनं माळ्यावरची जुनी नायलॉनची बाज काढून ठेवलीय. ती सोडवायला दोघं लागतात, शनिवारी ये.