पहिली नोकरी : सल्लागार कचेरी की कारखाना?



आपल्या वस्तीतला मुलगा वा मुलगी इंजिनिअर होणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. परंतु पदवी हाती आल्यावर पहिली नोकरी कोणती धरावी, हे सांगणारे जाणते माणूस अजून आपल्या घराघरांत नाही. ज्यांच्या आजोबांनी कारखाना काढला त्यांच्या नातवाला हे जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या मुलांना ते चुकून कळते, आणि चूक महाग पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षावासात विहारातील वंदना आटोपल्यावर एक मुलगी दोन नेमणूकपत्रे घेऊन आमच्याकडे आली. ती केमिकल इंजिनिअर, वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिले पत्र पुण्यातील एका सल्लागार कंपनीचे. दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी आराखडे, गणिते आणि ड्रॉइंग करून देण्याचे काम. वार्षिक 6,00,000 रुपये. दुसरे पत्र एमआयडीसीतील रसायन कारखान्याचे. शिकाऊ इंजिनिअर, वार्षिक 4,56,000 रुपये. वडील म्हणाले, "भाऊ, मी जन्मभर ग्रीसमध्ये हात घातले. पोरीनं तरी एसीत बसावं." मुलगी म्हणाली, "काका, मला आधी प्लँट बघायचाय."

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. रिअ‍ॅक्टर आम्ही चित्रातच पाहिलेला. शिवाय याआधी एकदा आम्ही चुकलो होतो. नात्यातल्या एका मुलाला "आकडा मोठा ती नोकरी धर" असे ठणकावून सांगितले. ती सल्लागार कंपनीच होती. प्रकल्प संपला, नवे काम आले नाही, मुलगा काही महिने बिनकामाचा बसून राहिला आणि वर्ष भरण्याच्या आत घरी आला. कर्जाचे हप्ते थकले. पत्र नीट न वाचता सल्ला दिला, हा दोष आमचा. म्हणून या वेळी आम्ही तथागतांच्या उपदेशाचा आधार घेतला.

कोलिय कुळातील दीघजाणू नावाच्या गृहस्थाने भगवंतांना विचारले होते की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे. आमच्या या जीवनातल्या हितासाठी काय करावे? अंगुत्तर निकायातील या सुत्तात भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली नोकरी निवडताना त्या चारही कसोट्या म्हणून लावता येतात.

पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्योग आणि आपल्या कामातील कौशल्य. कोणत्या जागी हात आणि डोके अधिक तयार होईल, ते पाहावे. सल्लागार कचेरीत दोन-तीन वर्षांत अनेक कारखान्यांचे आराखडे नजरेखालून जातात, संगणकावरील गणित पक्के होते, अहवाल लिहिण्याची आणि चार लोकांसमोर बोलण्याची सवय लागते. उणीव ही की, काढलेली रेघ प्रत्यक्षात कशी वागते ते पाहायला मिळतेच असे नाही. कारखान्यात एकच प्लँट असतो, पण पंप का बंद पडला, व्हॉल्व्ह कुठे गळतो, शटडाऊनमध्ये काय उघडायचे आणि परमिटशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे अंगात मुरते. काही वाटा तर प्रत्यक्ष अनुभवानेच उघडतात. उदाहरणार्थ, बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेला बॉयलरवरील कामाचा अनुभव लागतो.

दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण. येथे बँकेतला माणूस थोडा उपयोगी पडतो. पत्रावरचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत अंतर असते. 6,00,000 मधील 72,000 रुपये कामगिरीवर अवलंबून होते. मिळाले तर मिळाले. मूळ पगार महिना 25,000. त्यावर मालकाचा 12 टक्के भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे वर्षाला 36,000 रुपये, त्याच आकड्यात धरलेला. ग्रॅच्युइटीचे सुमारे 14,400 तसेच. मग तिचा स्वतःचा 12 टक्के निधी आणि व्यवसाय कर. वजाबाकी करता महिन्याला हाती साधारण 36,500 रुपये उरत होते. कारखान्याच्या पत्रात बदलती रक्कम नव्हती. मूळ पगार 19,000. त्याच हिशेबाने हाती 32,300. वर्षाचा फरक 1,44,000 दिसत होता, तो महिन्याला सुमारे 4,200 वर आला. पुण्यात खोली, मेस आणि प्रवास यांना 14,000 लागणार होते. कारखान्याची बस आणि कॅन्टीन असल्याने तेथे 5,000 त भागणार होते. म्हणजे पहिल्या नोकरीत 22,500 उरतात आणि दुसरीत 27,300!

ग्रॅच्युइटी कायम नोकराला साधारणतः सलग पाच वर्षांनी मिळते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला ती एका वर्षानंतर देऊ केली आहे. म्हणून नेमणूक कायम की मुदतीची, हे आधी वाचावे. बाँडही नीट वाचावा. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेतील अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. "बाँड म्हणजे नुसता कागद" या भ्रमात राहू नये. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवू नयेत.

तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्यांची संगत. आपल्यावर कोण वरिष्ठ असेल, तो शिकवणारा आहे का, तेथून दोन वर्षांत किती जण सोडून गेले, हे तेथे काम करणाऱ्यांना विचारावे. मुलीने रात्रपाळीत सुरक्षिततेची आणि ने-आणीची सोय काय, हे निःसंकोच विचारावे. रात्रपाळीसाठी तिची संमती लागते, असे आता कायदाच सांगतो.

चौथी समजीविता, म्हणजे आय पाहून व्यय. ताजव्याची दांडी कोणीकडे झुकते हे पारखून राहावे, असा भगवंतांचा दाखला आहे. या मुलीच्या डोक्यावर 4,00,000 रुपयांचे शैक्षणिक कर्ज होते. 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता 5,286 रुपये. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभर सवलत असते, पण त्या काळात व्याज चढतच असते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

सल्लागाराच्या धंद्याबद्दल परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्रही काही सांगते. 1917 साली परदेशातून परतल्यावर बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देणारी पेढी काढली. एवढ्या विद्वानाचा सल्ला; पण जात कळताच गिऱ्हाईक फिरकेना. पेढी बंद पडली. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, काटकसरीने पैसा साठवला आणि 1920 साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. यातून दोन बोध मिळतात. सल्ला विकणाऱ्याचे पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालते, म्हणून आपल्या माणसाच्या शब्दामागे नाकारता न येणारे काम उभे असावे लागते. आणि नोकरी हे साधन आहे; कशासाठी करतो हे ठरलेले असावे.

याचा अर्थ सर्वांनी कारखानाच धरावा असा नाही. ज्याचा कल गणिताकडे व आराखड्यांकडे आहे, ज्याच्या घरी दोन-तीन महिन्यांची पुंजी आहे, त्याला चांगली सल्लागार कचेरी उत्तम शाळा ठरते. गेटच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला पाळीपेक्षा ठरलेली वेळ मानवते. त्या परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

त्या रात्री हिशेबाचा कागद आम्ही वडिलांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग मुलीला म्हणाले, "हेल्मेट घालत जा." एवढेच. तिने कारखाना धरला. तीन वर्षे तेथे, मग हवे तर सल्लागार कचेरी, असे तिने वहीत तारखेनिशी लिहून ठेवले आहे. पहिला हप्ता भरायला ती आमच्या खिडकीशी आली, तेव्हा आमच्या आधीच्या चुकीचे ओझे थोडे हलके झाले.

विद्यार्थी मित्रहो, पत्र हाती आले की पेढे वाटण्याआधी एक रात्र त्याच्याबरोबर बसा. चार कसोट्या लावा, वजाबाकी करा. जमत नसेल तर दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो. कागद घेऊन या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!