मोटार क्लब आणि राष्ट्रीय महासंघाची संलग्नता

मोटारीची हौस असणारी दहा-वीस माणसे एकत्र येतात, क्लब स्थापन होतो आणि रविवारी सकाळी घाटमाथ्यापर्यंत सहली निघू लागतात. येथवर कोणाच्या विशेष अनुमतीची गरज भासत नाही. सहलीत घड्याळ आले आणि कोण किती वेळात पोहोचले याची नोंद होऊ लागली, की मात्र सहलीचे स्वरूप कायद्याच्या व जोखमीच्या अशा दोन्ही दृष्टींनी पालटते. क्लबाने मोटारक्रीडेच्या राष्ट्रीय महासंघाशी संलग्न व्हावे किंवा कसे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने येथूनच उपस्थित होतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेऊ देणे आणि तीत भाग घेणे हा अपराध होय. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच अपराध घडल्यास कारावासाची मर्यादा एक वर्ष व दंडाची दहा हजार रुपये आहे. शिक्षेचा धाक केवळ चालकाला आहे, ही समजूत बरोबर नाही. शर्यत घडवून आणणाराही त्याच कलमाखाली येतो.

महासंघाची संलग्नता ही शासनाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. परंतु अर्ज विचारात घेणाऱ्या जिल्हा प्रशासनापुढे आणि पोलिसांपुढे दोन प्रकारचे अर्जदार येऊ शकतात. एकाजवळ केवळ उत्साह असतो. दुसऱ्याजवळ छापील नियमावली, मार्गाचा नकाशा, रुग्णवाहिका व वैद्यकीय पथकाची तजवीज आणि हे सर्व तपासून महासंघाने दिलेले अनुज्ञापत्र असते. यांपैकी कोणाच्या अर्जाचा विचार करणे प्रशासनास सोपे जाईल, हे सांगावयास नको.

भारतात हे कार्य ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या या महासंघाचे मुख्यालय चेन्नई येथे आहे. मोटारींच्या क्रीडेसाठी तो ‘एफआयए’ या, तर दुचाकींच्या क्रीडेसाठी ‘एफआयएम’ या जागतिक संस्थेशी जोडलेला आहे. एफआयएच्या नियमांप्रमाणे प्रत्येक देशात क्रीडाविषयक अधिकार एकाच राष्ट्रीय संस्थेकडे असतो. पॅरिसपासून गावोगावच्या क्लबांपर्यंत अधिकाराची साखळी उतरते ती अशी.

ही व्यवस्था हौसेने उभी राहिलेली नाही. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद ही शर्यत खुल्या रस्त्यावरून निघाली. धुरळ्याने पुढचे दिसेनासे झाले, प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि पहिल्याच टप्प्यात स्पर्धक व प्रेक्षक मिळून इतके बळी गेले की फ्रेंच शासनाने शर्यत बोर्दो येथेच थांबविली. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, राष्ट्रीय मोटार क्लबांची ती आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जी आज एफआयए म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमधील उदाहरण अधिक बोलके आहे. १९२५ मध्ये कॉप हिल येथील चढावाच्या स्पर्धेत एक प्रेक्षक जखमी झाला. त्यानंतर तेथील राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे रॉयल ऑटोमोबाइल क्लबने, सार्वजनिक रस्त्यावरील वेगाच्या स्पर्धांना अनुज्ञापत्रे देणे बंद केले आणि ब्रिटनच्या रस्त्यांवरील अशा स्पर्धांचे युग संपले. राष्ट्रीय संस्थेच्या एका कागदाचे वजन यावरून ध्यानात यावे.

विम्याचा प्रश्न

संलग्नतेचा विचार करताना क्लबांचे सर्वांत कमी लक्ष जाते ते विम्याकडे. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात वाहनाच्या वापराच्या मर्यादा नमूद असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि वाहनाच्या टिकाऊपणाची कसोटी पाहणाऱ्या स्पर्धा त्यातून वगळलेल्या असतात. सभासदाने वर्षानुवर्षे नेमाने हप्ते भरले असले, तरी स्पर्धेच्या त्या एका सकाळी त्याची मोटार विमापत्राच्या संरक्षणाबाहेर असू शकते. रॅलीसाठी जादा हप्ता भरून विमापत्रावर विशेष पृष्ठांकन करून घेण्याची सोय आहे. पण विमापत्राचा तो बारीक अक्षरांतील मजकूर किती सभासद वाचतात?

महासंघाच्या रीतीत हा प्रश्न आयोजकाला टाळता येत नाही. स्पर्धकाला परवाना घ्यावा लागतो, त्याला अपघात विम्याची जोड असते, आणि त्रयस्थांच्या हानीची तरतूद आयोजकाने करावयाची असते. संरक्षणाची रक्कम व अटी दरवर्षी तपासून घेणे इष्ट.

दुसरा लाभ मनुष्यबळाचा. स्पर्धा चालते ती चालकांमुळे, परंतु सुरळीत पार पडते ती निशाण घेऊन वळणावर उभ्या असलेल्या मार्शलमुळे, वाहनांची तांत्रिक तपासणी करणाऱ्यामुळे आणि घड्याळजीमुळे. स्पर्धेचा कारभार पाहणारा ‘क्लार्क ऑफ द कोर्स’ आणि निवाडा करणारे ‘स्ट्युअर्ड’ हे वेगवेगळे असावेत, हा दंडक तर लहान क्लबास फारच उपकारक. मित्रमंडळींच्या क्लबात निकालावरून उठणारा तंटा अनेकदा क्लबच मोडून टाकतो. येथे तक्रारीला मुदत आहे, निर्णयावर अपील आहे.

अधिकृत स्पर्धेतील यश चालकाच्या नावावर कायम राहते. आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद तीन वेळा मिळविणारे गौरव गिल यांना २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारक्रीडेस तो मान प्रथमच लाभला. अनधिकृत स्पर्धेतील विजयाला असा मार्ग नाही. उलट, तीत भाग घेणारा परवानाधारक कारवाईस पात्र ठरतो.

तथापि संलग्नतेने अपघात टळतातच असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर भागात राष्ट्रीय अजिंक्यपदाची रॅली सुरू असताना बंद केलेल्या मार्गावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. मार्ग कागदावर बंद करणे वेगळे. शेताच्या प्रत्येक वाटेवर माणूस उभा करणे आणि आजूबाजूच्या वस्त्यांना आदल्या दिवशी घरोघरी कळविणे, ही कामे स्थानिक क्लबाचीच. तेवढी माणसे नसतील तर स्पर्धा घेऊ नये.

महाराष्ट्रात या क्षेत्राची परंपरा जुनी आहे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासूनची, तर नाशिक परिसराने राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. नव्या क्लबाने प्रथम संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमाखाली नोंदणी करावी, हिशेब तपासून घ्यावेत आणि मग संलग्नतेचा अर्ज करावा. पहिली स्पर्धा वेळ, वेग व अंतर यांचा मेळ घालणारी असावी. तीत ठरलेल्या सरासरी वेगाने जावयाचे असते, उशिरा पोहोचणाऱ्याचे गुण कापले जातात, आणि लवकर पोहोचणाऱ्याचेही.