चुनखडीच्या गाठीत नोंदलेले प्राचीन हवामान

जबलपूरजवळील भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांच्या घळईतून वाहते. पर्यटक तेथील धुवांधार धबधबा पाहून परततात. भूशास्त्राचे अभ्यासक मात्र जवळच्या लमेटा घाटाकडे वळतात. या घाटावरूनच मध्य भारतातील एका प्रसिद्ध खडकसमूहाला ‘लमेटा’ हे नाव मिळाले. डायनासोरांच्या काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, हे थर साचले. त्यांत त्या काळच्या जमिनीही दगड होऊन टिकल्या आहेत आणि त्या जमिनींत चुनखडीच्या गाठी आढळतात. या गाठींवरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, त्या काळी येथे पावसाळा व कोरडा ऋतू आळीपाळीने येत असून एकंदर हवामान निमशुष्क होते.

काळ्या जमिनीत नांगराला लागणारी चुनखडी विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवी नाही. लमेटा घाटाच्या दगडातील गाठी आणि शेतातील गाठी यांच्या वयात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. परंतु त्या तयार होण्याची रीत सारखीच आहे. शेतातील या गाठींतून हवामानाचा इतिहास वाचण्याचे आणि तो पीक व्यवस्थापनाशी जोडण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोमधील मृदाशास्त्रज्ञ डॉ. डी. के. पाल यांनी आपल्या प्रदीर्घ संशोधनकाळात केले. त्या संशोधनाचे सूत्र विस्तार कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

चुनखडी तयार कशी होते?

मुळे व सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीतील हवेत कर्बवायूचे प्रमाण वाढते. हा वायू पाण्यात विरघळतो व ते पाणी किंचित आम्लधर्मी होते. अशा पाण्यात खनिजांतील कॅल्शियम विरघळून बायकार्बोनेटच्या रूपात खाली झिरपते. पाऊस भरपूर असल्यास ते मुळांच्या कक्षेबाहेर जाते. पाऊस अपुरा असल्यास पाणी वाटेतच मुळे शोषून घेतात किंवा त्याचे बाष्पीभवन होते, कर्बवायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका मातीतच बसतो. म्हणून चुनखडी किती खोलीवर व किती प्रमाणात आहे, यावरून त्या जमिनीत वर्षानुवर्षे किती पाणी मुरले याचा अंदाज बांधता येतो. चुनखडीचा थर हे एका अर्थाने निसर्गाने जमिनीत पुरून ठेवलेले पर्जन्यमापक आहे.

दोन प्रकारच्या गाठी, दोन काळांची साक्ष

डॉ. पाल, डॉ. तापस भट्टाचार्य, डॉ. पंकज श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी काळ्या जमिनींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना एकाच जमिनीत दोन प्रकारची चुनखडी दिसली. पहिल्या प्रकारच्या गाठींच्या कडा स्पष्ट असून त्यांच्यावर चिकणमाती व लोहाचे लेप असतात. त्या आजच्या जमिनीत जन्मलेल्या नसून जुन्या, अधिक ओलसर काळातून आलेल्या आहेत. दुसऱ्या प्रकारची चुनखडी अतिसूक्ष्म कणांची असून तिच्या कडा भोवतीच्या मातीत मिसळलेल्या असतात. ती त्याच जमिनीत, अलीकडच्या कोरड्या काळात तयार झालेली आहे. हे निष्कर्ष २००२ मध्ये ‘क्लेज अँड क्ले मिनरल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

दुसरा पुरावा चिकणमातीतून मिळाला. काळी जमीन फुगते व भेगाळते ती स्मेक्टाइट या खनिजामुळे. आजच्या निमशुष्क हवामानात बेसाल्टपासून एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्मेक्टाइट तयार होणे संभवत नाही. म्हणजे ही माती पूर्वीच्या ओलसर काळात घडली, पाण्याने वाहून सखल भागात साचली आणि पुढे हवामान कोरडे होत गेल्यावर तिच्यात नवी चुनखडी बसू लागली. पावसाच्या उतरत्या क्रमाने निरनिराळ्या प्रदेशांतील काळ्या जमिनींची तुलना करून या गटाने २००९ मध्ये ‘क्वाटर्नरी इंटरनॅशनल’मध्ये हाच क्रम अधिक स्पष्टपणे मांडला.

प्रतिमानांनी दिलेला दुजोरा

मातीने दिलेली ही साक्ष हवामानाच्या गणिती प्रतिमानांशी जुळते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये संगणकीय प्रतिमानाद्वारे ९००० वर्षांपूर्वीच्या मान्सूनचा अभ्यास केला. पृथ्वीच्या कक्षेतील व आसाच्या कलातील फरकांमुळे त्या काळी उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात सुमारे ७ टक्के अधिक सौर ऊर्जा पोहोचत होती. जमीन अधिक तापली आणि प्रतिमानातील मान्सून आजच्यापेक्षा बलवान ठरला. पुढे ही ऊर्जा क्रमाने घटत गेली, तसा मान्सूनही ओसरत गेला.

याच बदलाच्या खुणा बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातही मिळाल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी येथे दीर्घकाळ अवर्षणप्रवण स्थिती होती. प्रतिमान, सरोवराचा गाळ आणि शेतातील चुनखडी या तीन स्वतंत्र साक्षी एकाच दिशेने बोट दाखवतात. भविष्यातील हवामान वर्तवणाऱ्या प्रतिमानांवर कितपत विसंबावे, हे ठरवण्याची कसोटीही हीच आहे. जे प्रतिमान होऊन गेलेले हवामान बऱ्यापैकी उभे करू शकते, त्याच्या पुढील अंदाजाला अधिक वजन प्राप्त होते.

जबलपूर ते खारपाणपट्टा

जबलपूर परिसरात वर्षाला सुमारे १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील पारंपरिक ‘हवेली’ पद्धतीत बांधबंदिस्ती करून पावसाळाभर शेतात पाणी साठवतात व ते काढून दिल्यावर रब्बीचे पीक घेतात. अशा जमिनीत पाणी खोलवर मुरते आणि सोडियम साचून राहण्यास वाव कमी मिळतो. नागपूरहून पश्चिमेकडे अमरावती, अकोल्याकडे जावे तसा पाऊस कमी होतो. अकोल्याजवळ तो सुमारे ८०० मिलिमीटरवर येतो. त्या प्रमाणात मातीत नवी चुनखडी वाढते आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्याची समस्या उभी राहते.

या दोहोंचा संबंध डॉ. पाल यांच्या संशोधनाचा गाभा आहे. कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बांधला गेला की चिकणमातीच्या कणांवरील त्याचा वाटा कमी होतो व सोडियमचा वाढतो. सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. पाणी मुरत नाही म्हणून खालचा थर आणखी कोरडा राहतो आणि कोरडेपणामुळे आणखी चुनखडी बसते. हे चक्र एकदा सुरू झाले की जमीन वरून काळी व सुपीक दिसली तरी आतून बिघडत जाते. म्हणूनच या गटाने जमिनीत नव्या चुनखडीची निर्मिती ही नैसर्गिक ऱ्हासाची मूळ प्रक्रिया मानली.

प्रचलित निकषानुसार विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर गेल्यास जमीन चोपण समजली जाते. विदर्भातील कपाशीच्या काळ्या जमिनींच्या अभ्यासात मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास पोहोचताच निचरा व उत्पादन दोन्ही घटत असल्याचे आढळले. केवळ १५ टक्क्यांच्या निकषावर विसंबल्यास अशा बिघडू लागलेल्या जमिनी ‘चांगल्या’ म्हणून नोंदल्या जाण्याचा धोका असतो.

सुधारणेची शक्यता

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दीर्घकालीन प्रयोग चालवला. रुंद वरंबा व सरी, सुधारित वाण, संतुलित अन्नद्रव्ये आणि तूरीसारखे द्विदल पीक यांचा मेळ घातलेल्या क्षेत्रात धान्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ५ टन मिळाले; पारंपरिक पद्धतीच्या क्षेत्रात ते सुमारे १ टन राहिले. डॉ. पाल व सहकाऱ्यांनी या क्षेत्रांतील माती तपासली, तेव्हा सुधारित क्षेत्रात चुनखडीचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले. पाणी मुरले, मुळे वाढली आणि बसलेली चुनखडी विरघळून कॅल्शियम पुन्हा उपलब्ध झाला. शतकानुशतकांच्या कोरड्या हवामानाचा परिणाम काही दशकांच्या व्यवस्थापनाने अंशतः परतवता येतो, ही या संशोधनातील सर्वांत आश्वासक बाब आहे.

शेतावर काय करावे?

१. माती परीक्षणासाठी केवळ वरच्या थराचा नमुना पुरेसा मानू नये. शक्य तेथे सुमारे एक मीटर खोल खड्डा घेऊन थरागणिक नमुने घ्यावेत.

२. प्रत्येक थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फसफस कोणत्या खोलीपासून सुरू होते, याची नोंद ठेवावी.

३. सामूबरोबर विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण तपासून घ्यावे. ते ५ टक्क्यांजवळ असल्यास निचऱ्याकडे तातडीने लक्ष द्यावे.

४. जिप्समची मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालानुसारच ठरवावी. जमिनीत चुनखडी आहे म्हणून कॅल्शियम पुरेसा आहे, असे गृहीत धरू नये; ती सहजासहजी विरघळत नाही.

५. शेणखत, धैंचा किंवा तागाचे हिरवळीचे खत आणि खोल मुळांची द्विदल पिके यांचा फेरपालटीत समावेश करावा.

६. विहीर किंवा कूपनलिकेचे पाणी तपासल्याशिवाय संरक्षित सिंचनासाठी वापरू नये.

हवामान बदलाच्या काळात एकूण पर्जन्यमान फारसे न घटताही थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी आणि लांबणारे खंड यांमुळे बरेचसे पाणी वाहून जाऊ शकते. अशा वर्षी पर्जन्यमापकावरील आकडा समाधानकारक दिसेल, तरी जमिनीचा खालचा थर कोरडाच राहील आणि चुनखडी व सोडियमचे चक्र पुढे सरकेल. त्यामुळे गावपातळीवरील नियोजनात पावसाच्या आकड्यासोबत पाणी किती खोल मुरले, याचीही नोंद दरवर्षी ठेवणे आवश्यक आहे.