स्वभावाला औषध नाही?



"स्वभावाला औषध नाही," ही म्हण वस्तीत रोज ऐकू येते. मुलगा चिडका, तर "बापावर गेलाय". मुलगी गप्प, तर "जन्मापासून अशीच". मी वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. एक बाळंतीण बाळाला जवळ घेईना, कुणाशी बोलेना. सासू म्हणाली, "हिचा स्वभावच तुसडा." मीही मान डोलावली. तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार होता. उपचार सुरू झाल्यावर ती हळूहळू सावरली.

मग स्वभाव म्हणजे काय?

सिग्मंड फ्रॉइड म्हणाले, लहानपणी दडपलेल्या इच्छा आणि भीती माणसाला घडवतात. त्यांचं बरंच म्हणणं पुढे टिकलं नाही, पण लहानपणचे घाव मोठेपणीही त्रास देतात हे खरं ठरलं.

आजचे अभ्यासक पाच गुण मोजतात: माणसांत मिसळणं, जबाबदारीनं वागणं, समजूतदारपणा, नव्याची ओढ आणि मनाची अस्वस्थता. हे पाचही सगळ्यांत असतात, कमी-जास्त. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसतं, की माणसामाणसांतल्या या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे, बाकीचा अनुभवाचा आणि परिस्थितीचा. पण आनुवंशिक म्हणजे जातीचा नव्हे. "अमुक जातीचे लोक असेच," याला विज्ञानात आधार नाही.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ साली अमेरिकेत ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही मुलांसमोर मोठ्या माणसानं एका बाहुल्याला मारलं. नंतर त्या मुलांनीही बाहुल्याला तसंच मारलं. म्हणजे पोरं आपलं बोलणं कमी ऐकतात आणि वागणं जास्त पाहतात.

तथागतांनी माणूस रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा सांगितला. त्यात न बदलणारं काहीच नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची कथा घेतली आहे. दरोडेखोर भिक्खू होऊ शकतो, तर आपलं लेकरू का बदलणार नाही?

घरात एवढं करा:

१. "तू रागीटच आहेस" म्हणू नका. "आत्ता तुला राग आलाय, काय झालं?" असं विचारा.

२. मुलांना मारू नका. मुलांसमोर भांडण, शिवीगाळ, मारहाण नको.

३. चांगलं वागलं की लगेच सांगा, "हे छान केलंस."

४. माणूस एकाएकी बदलला, दोन आठवडे उदास राहिला, झोप-भूक गेली, तर तो स्वभाव समजू नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड किंवा रक्त कमी असल्यानेही चिडचिड आणि थकवा येतो, म्हणून रक्त तपासून घ्या.

५. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी केली, तर त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

पुढच्या वेळी "हिचा स्वभावच तसा" असं तोंडावर आलं, की आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "बाई, तुला काय होतंय?"