घास त्याचा त्यालाच घेऊ द्या

प्रश्न : चार वर्षांच्या नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे. जवळपास व्यवसायोपचार तज्ज्ञ नाही. काय करावे? – एक आजोबा, मोताळा

उत्तर : आजोबा, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. तिथे घरचा सराव शिकून घ्या. जेवणासाठी चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा, नातवाला पाय टेकतील असे बसवा. सांडले तरी सांडू द्या.

पण सगळा भार घरावर टाकणे मला मान्य नाही. व्यवसायोपचाराचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० पासून आहे, नागपुरातही आहे. कंत्राटी पगारावर मात्र माणसे तालुक्यात टिकत नाहीत. तज्ज्ञाचे कायम पद, आणि तोवर आठवड्यातून एक ठरलेला उपचार-दिवस, असा ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा.