तालाचा अदृश्य सोबती

सातारा जिल्ह्यातील वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. या भागात ढोल, हलगी आणि लेझीम यांची ओळख नाही, असे मूल क्वचितच आढळेल. शाळेच्या पटांगणावर ढोल वाजू लागला, की शंभर मुलांची पावले एकदम पडतात आणि शंभर लेझमी एकदम छणछणतात. तरीही नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ढोलाजवळच्या मुलांपेक्षा अगदी शेवटच्या रांगेतील मुलांचे पाऊल किंचित मागे पडते. त्यांचे लक्ष नसते म्हणून असे घडते काय? नव्हे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. शेवटची रांग ढोलापासून ३४ मीटर दूर असेल, तर ढोलाचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. एवढासा काळ तो केवढा! परंतु संगीतात तेवढाही काळ कानाला जाणवतो.

येथे अंतर केवळ ३४ मीटरांचे आहे. मग ज्यांनी मिळून एक गाणे सिद्ध करावयाचे, ते गायक आणि वादक निरनिराळ्या गावी असतील, किंवा निरनिराळ्या दिवशी वाजवीत असतील, तर त्यांचा ताल कसा जुळावा?

प्रारंभी हा प्रश्न उद्भवत नसे. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्या काळी नटनटी चित्रीकरण चालू असतानाच गात आणि वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करीत. सर्वांना एकमेकांचे सूर ऐकू येत. त्यामुळे लय आपोआप जुळत असे. मात्र एकाची चूक झाली, तर सर्वांना पुन्हा आरंभापासून गावे-वाजवावे लागे. पुढे प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय झाली. आज सनई, उद्या तबला, परवा गायन, असे करता येऊ लागले. एकाची चूक झाली, तर तेवढाच भाग पुन्हा घेता येऊ लागला. सोय मोठी झाली खरी. परंतु वादकाच्या शेजारचा वादक नाहीसा झाला. त्याची जागा घेण्यासाठी जो सोबती आला, त्याला ‘क्लिक ट्रॅक’ म्हणतात. क्लिक ट्रॅक म्हणजे समान अंतराने वाजणारी टिक्‌टिक.

यंत्राने लय मोजण्याची कल्पना जुनी आहे. योहान मेल्झेल या जर्मन यंत्रकाराने १८१५ साली ‘मेट्रोनोम’ या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातील मूळ कल्पना ॲम्स्टरडॅम येथील विंकेल या कारागिराची होती. घड्याळाच्या लंबकाप्रमाणे त्याची दांडी इकडून तिकडे हलते आणि प्रत्येक हेलकाव्यास ठोका पडतो. दांडीवरील वजन वर सरकविले, की ठोके संथ पडतात. खाली सरकविले, की जलद पडतात.

बोलपट आले, तेव्हा अमेरिकेत वॉल्ट डिस्नी यांच्यासारख्यांच्या व्यंगचित्रपटांत उंदराच्या उडीबरोबर संगीताचा ठोका पडणे आवश्यक झाले. त्यासाठी तंत्रज्ञांनी एक युक्ती केली. त्यांनी फिल्मच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतराने भोके पाडली. प्रत्येक भोकाच्या ठिकाणी यंत्रातून ‘टिक्’ असा आवाज येई. फिल्मची २४ चित्रे एका सेकंदात सरकतात. दर १२ चित्रांनंतर एक भोक पाडले, तर एका सेकंदात दोन आणि एका मिनिटात १२० ठोके होतात. आता फिल्मला भोके पाडावी लागत नाहीत. संगणक हे काम करतो.

२०१६ साली प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’ या मराठी चित्रपटासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे मोठ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. चित्रपटसंगीताच्या अशा ध्वनिमुद्रणात वादकांच्या कानांना लहान ध्वनिग्राहक लावण्याची रीत आहे. त्यांतून प्रत्येकाला तीच टिक्‌टिक त्याच क्षणी ऐकू येते. रसिकांच्या कानी मात्र ती पडत नाही. ती फार मोठ्याने लावली, तर शांत सुरांच्या वेळी कानातून निसटून मायक्रोफोनमध्ये शिरते. म्हणून तिचा आवाज बेताचाच ठेवावा लागतो. रंगमंचावरही, आधी मुद्रित केलेले सूर किंवा प्रकाशयोजना यांच्याशी मेळ घालावयाचा असल्यास, ढोलकवादक कानात टिक्‌टिक घेऊन वाजवितो आणि इतर वादक त्याच्या मागोमाग जातात.

मग सर्वच संगीत अशा टिक्‌टिकीवर चालावे काय? याचे उत्तर वडूजजवळच्या औंध गावी मिळेल. तेथे अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. अशा मैफलीत गायक आधी विलंबित लयीत ख्याल मांडतो. पुढे गाणे रंगते, तो तबलजीकडे पाहून हाताने खूण करतो आणि लय वाढते. किती वाढवावी, हे कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरून गायक आणि तबलजी समेवर एकत्र येतात, तेव्हा श्रोत्यांच्या माना आपोआप डोलतात. टिक्‌टिकीतही लय वाढविण्याची योजना करता येते. परंतु ती आधीच आखावी लागते. आयत्या वेळी गायकाच्या मनात काय आले, हे तिला उमगत नाही. ते जाणण्यास एकमेकांकडे लक्ष देणारी माणसेच हवीत.

म्हणून क्लिक ट्रॅकला तुच्छ लेखू नये आणि त्याच्या अधीनही होऊ नये. जेथे सोबती दूर आहेत, तेथे तो उपयोगी पडतो. जेथे सोबती समोर आहेत, तेथे प्रथम त्यांचे ऐकावे.

तुमची लय किती पक्की आहे, हे तुम्हांलाच पडताळून पाहता येईल. मिनिटाला ६० ठोके लावून एका मित्राला त्या यंत्राजवळ बसवा. प्रत्येक ठोक्याला टाळी द्या. मित्राने मध्येच यंत्राचा आवाज बंद करावा आणि आठ ठोके गेल्यावर पुन्हा सुरू करावा. मधल्या काळात तुम्ही टाळ्या देत राहा. आवाज परत येताच तुमची टाळी ठोक्यावरच पडली, तर तुमची लय स्थिर आहे असे समजा. नाही पडली, तर खिन्न होऊ नका. रोज थोडा अभ्यास करा. टिक्‌टिक थांबल्यावरही जो ताल मनात चालू राहतो, तोच खरा आपला!

स्वाध्याय

१. शेवटच्या रांगेतील मुलांचे पाऊल मागे का पडते?
२. वाद्ये स्वतंत्रपणे मुद्रित केल्याने कोणती सोय झाली आणि कोणती अडचण आली?
३. दर १६ चित्रांनंतर एक भोक पाडले, तर मिनिटाला किती ठोके होतील?
४. मैफलीतील लय आणि यंत्रातील टिक्‌टिक यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.