तारखेसाठी खेप कशाला?

प्रश्न : कुडाळ कोर्टात जमिनीच्या वाटपाचा दावा चालू आहे. तारीख विचारायलाही एसटीने जावं लागतं. वकिलाची फी परवडत नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : ताई, दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक वकिलाकडून मागून घ्या. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते.

फीचं म्हणाल, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. दाव्यात तथ्य मात्र दिसायला हवं. तो तुमचा हक्क आहे, संकोचू नका. न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच, तर ऑगस्ट २०२५पासून सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.